वॅटला वॅट जुळवू नका, आधी ओहम बघा

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझ्याकडे शेल्फवर ठेवायचे दोन स्पीकर आहेत. मागच्या लेबलवर '८ ओहम, ६० वॅट, ८७ डेसिबल' असं लिहिलंय. त्यांच्यासाठी मी तळहातावर मावेल एवढा क्लास-डी ॲम्प्लिफायर घेतला. त्याच्या खोक्यावर '१०० + १०० वॅट' आहे आणि सोबत १२ व्होल्ट, ५ ॲम्पिअरचा ॲडॉप्टर आला. मेहुणे म्हणतात, ६० वॅटच्या स्पीकरला १०० वॅटचा ॲम्प लावलास, स्पीकर जाळशील. ऑफिसातला मित्र नेमकं उलटं सांगतो: ॲम्प स्पीकरच्या दुप्पट वॅटचाच हवा. प्रत्यक्षात आवाजाचा नॉब पाऊणच्या पुढे गेला की आवाज फाटतो, गाणाऱ्याचा 'स' कानाला टोचतो. बेस कमी वाटतो म्हणून बेसचा नॉब पूर्ण फिरवून ठेवलाय. मध्यंतरी वडिलांचे जुने स्पीकर काढले आणि त्याच टर्मिनलला जोडले. त्यांचं लेबल निघून गेलंय. चारही वाजले, पण दहा-पंधरा मिनिटांनी ॲम्प आपोआप बंद पडला. हात लावला तर चटका बसला. गार झाल्यावर पुन्हा चालू झाला. दोघांपैकी कोणाचं ऐकू? वडिलांचे स्पीकर वापरायची फार इच्छा आहे, ते कसे लावू? आणि नॉब कुठपर्यंत फिरवला तर चालतो?

उत्तर

नमस्कार,

सगळ्यात आधी एक करा: वडिलांचे स्पीकर त्या टर्मिनलवरून आजच काढा. पुढचं सावकाश वाचलंत तरी चालेल. ॲम्प तापून बंद पडला तो त्याच्या आतल्या संरक्षणामुळे, आणि ते संरक्षण दर वेळी वेळेवर काम करेल असं धरून चालू नये. पत्रावरून दिसतं की ॲम्प शाबूत आहे आणि स्पीकरही शाबूत आहेत. म्हणजे हातचं काही गेलेलं नाही. तुमच्या बहुतेक तक्रारी नवीन काही मोठं न घेता दूर होतील.

आता मेहुणे आणि मित्र. दोघंही वॅटसमोर वॅट ठेवून बघतायत आणि गफलत तिथंच आहे. ॲम्पवर लिहिलेला वॅट म्हणजे तो जास्तीत जास्त किती ताकद देऊ शकतो. स्पीकरवर लिहिलेला वॅट म्हणजे त्याची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, न जळता किती ताकद पचवू शकते. पुलाच्या तोंडाशी '१० टन' अशी पाटी असते. त्या पाटीचा अर्थ पुलावरून १० टनांचीच गाडी गेली पाहिजे असा कोणी घेत नाही. तुमच्या स्पीकरवरचे ६० वॅट ही तशी पाटी आहे. त्यावरून आवाज किती मोठा येईल हे कळत नाही, आणि ॲम्प किती वॅटचा हवा हेही फारसं कळत नाही.

जोडी जमवताना मी आधी ओहम बघतो, मग डेसिबल, आणि वॅट सगळ्यात शेवटी. ओहम चुकला तर ॲम्प जातो, म्हणून तिथे तडजोड नाही. डेसिबलवरून तुम्हाला खरोखर किती वॅट लागणार ते निघतं. आणि ते एकदा निघालं की खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांचा मोह राहत नाही.

ओहमपासून सुरुवात करू, कारण तुमचा ॲम्प तापला तो त्यामुळेच. ॲम्प स्पीकरला व्होल्टेज देतो. त्या व्होल्टेजवर करंट किती ओढला जाणार हे स्पीकरचा ओहम, म्हणजे विजेला होणारा त्याचा अडथळा, ठरवतो. समजा ॲम्प ८ व्होल्ट देतोय. ८ ओहमचा स्पीकर १ ॲम्पिअर ओढेल. त्याच ८ व्होल्टवर ४ ओहमचा स्पीकर २ ॲम्पिअर ओढेल. दोन्ही एकाच टर्मिनलवर एकत्र जोडले, म्हणजे पॅरलल केले, की मिळून ३ ॲम्पिअर झाले. ॲम्पच्या दृष्टीने समोर आता पावणेतीन ओहमपेक्षाही कमीचा एकच स्पीकर आहे. वडिलांचे स्पीकर ४ ओहमचे आहेत असं मी इथे धरलंय. ते खरं आहे का हे कसं तपासायचं, ते पुढे सांगतो. पण चटका बसण्याइतका ॲम्प तापला यावरून ते ४ चे असण्याची शक्यता बरीच आहे.

लेबलवरचा ओहम हाही एक ठोकळ आकडा असतो. प्रत्यक्षात सूर बदलला की ओहम बदलतो. खालच्या एका ठरावीक सुरावर तो ३० च्याही वर जाऊ शकतो आणि मधल्या पट्टीत चांगलाच खाली येतो. आयईसी या विद्युत उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो लेबलवरच्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमचा स्पीकर नियमात राहूनही ६.४ पर्यंत उतरू शकतो. तुमच्या चार स्पीकरांच्या जोडणीला हाच हिशेब लावला तर ॲम्पला अधूनमधून दोन ओहमच्या आसपासचा भार दिसत असणार. ॲम्पच्या मागे '४ ते ८ ओहम' असं लिहिलेलं असेल, तर त्यातला ४ हा तळ समजा आणि त्याखाली कधीही जाऊ नका. वरच्या बाजूला तशी काळजी नाही. १६ ओहमचा स्पीकर लावला तर ताकद कमी मिळेल, एवढंच.

मोठ्या रिसीव्हरवर 'ए' आणि 'बी' अशा दोन जोड्यांची सोय असते, ती बघून बऱ्याच जणांना वाटतं की चार स्पीकर सगळीकडेच चालतात. तिथेही दोन्ही बटणं दाबली की जोड्या बहुधा पॅरललच होतात. म्हणून तर मागच्या पत्र्यावर 'ए किंवा बी' साठी एक आकडा आणि 'ए अधिक बी' साठी त्याच्या दुप्पट आकडा छापलेला असतो. ती ओळ जरूर वाचावी.

आता तो १०० + १०० चा आकडा. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात: १२ व्होल्ट. ॲम्प ताकद स्वतः तयार करत नाही. ॲडॉप्टर देईल त्यातूनच तो पुढे देतो. १२ व्होल्ट गुणिले ५ ॲम्पिअर म्हणजे ६० वॅट, तेही दोन्ही बाजू मिळून. म्हणजे २०० वॅटचा प्रश्नच निकालात निघाला.

पण ६० सुद्धा तुमच्या वाट्याला येत नाहीत, कारण त्याआधी व्होल्टेजची मर्यादा आडवी येते. अशा लहान क्लास-डी ॲम्पमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी आळीपाळीने वर-खाली खेचल्या जातात, त्यामुळे स्पीकरला दोन्ही दिशांना जास्तीत जास्त १२ व्होल्ट मिळतात. या शिखरावरून सलग सुराची ताकद काढायची तर शिखराचा वर्ग करायचा आणि ओहमच्या दुपटीने भागायचं. १२ चा वर्ग १४४, भागिले १६. उत्तर आलं ९ वॅट. आतली घट धरली तर ८ म्हणा. तुमचा ॲम्प तुमच्या स्पीकरला एका बाजूला ८ वॅट देतोय, आणि त्यापुढे नॉब फिरवला की फाटतोय. मेहुण्यांना हा हिशेब दाखवा. ६० वॅटचा स्पीकर ८ वॅटवर काही जळायचा नाही.

हाच ॲम्प २४ व्होल्टवर चालवला तर २४ चा वर्ग ५७६, भागिले १६, म्हणजे ३६, आणि प्रत्यक्षात ३० च्या आसपास वॅट मिळतील. व्होल्टेज दुप्पट केलं की ताकद चौपट होते. म्हणून अशा ॲम्पचा खरा वॅट त्याच्या खोक्यापेक्षा ॲडॉप्टरवर जास्त अवलंबून असतो. या आकाराच्या बऱ्याच ॲम्पमध्ये टीपीए३११६ ही चिप असते. तिच्या निर्मात्यांच्या माहितीपत्रकातच २१ व्होल्टवर, ४ ओहमला, दर बाजूला ५० वॅट असं दिलंय. तुमच्यात तीच असेल तर खोक्यावरचे १०० + १०० हे चिप बनवणाऱ्यांच्या दाव्याच्याही दुप्पट आहेत.

वॅटचा हा फुगवटा नवा नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली घरगुती ॲम्प्लिफायरच्या वॅटच्या दाव्यांसाठी नियमच केला, कारण जो तो आपल्या सोयीने मोजून आकडा छापत होता. आजही आकडा वाचताना तीन गोष्टी सोबत दिल्यात का बघा: किती ओहमवर मोजला, किती टक्के विकृतीवर मोजला, आणि दोन्ही बाजू एकदम चालू असताना मोजला का. १० टक्के विकृतीवर मोजलेले वॅट १ टक्क्यावर मोजले तर साधारण पाचवा हिस्सा कमी भरतात, आणि १० टक्के विकृती म्हणजे आवाज चांगलाच फाटलेला. 'पीएमपीओ' असं लिहिलेला आकडा तर वाचूच नका, त्याला कुठलंही ठरलेलं माप नाही.

मग तुम्हाला वॅट लागतात तरी किती? इथे ८७ डेसिबल हा आकडा कामाला येतो. त्याचा अर्थ असा की १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. (लेबलवर '२.८३ व्होल्ट' लिहिलेलं असेल तर जरा थांबा. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, पण ४ ओहमला तेच २ वॅट होतात. अशा ४ ओहमच्या स्पीकरच्या आकड्यातून ३ डेसिबल वजा करूनच तुलना करावी.) तुम्ही साधारण ३ मीटरवर बसता असं धरू. मोकळ्यावर एवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबल कमी होतात, पण खोलीच्या भिंती काही परत देतात आणि दुसऱ्या स्पीकरचे जास्तीत जास्त ३ वाढतात. गोळाबेरीज ८२ च्या आसपास येते, फक्त एकेका वॅटवर. शांतपणे ऐकायला ७० ते ७५ पुरतात. म्हणजे रोजच्या ऐकण्यात तुमचा स्पीकर सरासरीने एक वॅटही खात नाही.

मग फाटतं का? कारण गाणं सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप, ड्रमचा ठोका, तान वर जाते तो क्षण, ही टोकं सरासरीच्या १५ डेसिबल वर सहज जातात, काही ध्वनिमुद्रणांत २०. दर १० डेसिबलला दहापट वॅट लागतात आणि दर ३ डेसिबलला दुप्पट. सरासरी ७५ ठेवून टोकं ९० वर गेली तर साडेसहा वॅट लागले, ८ वॅटमध्ये जेमतेम बसलं. तुम्ही नॉब थोडा पुढे नेलात, सरासरी ८० झाली, टोकं ९५ वर गेली की २० वॅट हवेत. ते या ॲडॉप्टरकडे नाहीत. पाऊणच्या पुढे तुम्हाला ऐकू येतं ते हे. ३० वॅट हाताशी असतील तर टोकं ९७ च्या जवळ जाईपर्यंत काही फाटणार नाही, आणि घरात त्यापुढे जायची गरज क्वचित पडते.

याच गणिताने मित्राचाही प्रश्न सुटतो. ३० च्या जागी १२० वॅटचा ॲम्प आणला तर ६ डेसिबल मिळतील. ५० च्या जागी १०० आणला तर फक्त ३, म्हणजे कानाला जाणवेल न जाणवेल इतका फरक. पण ८७ च्या जागी ९० डेसिबलचा स्पीकर असला तर तेवढाच फायदा ॲम्प न बदलता मिळतो. मोठी खोली, लांब अंतर आणि ८४-८५ डेसिबलचे स्पीकर असतील तिथे दुप्पट वॅटचा सल्ला बरोबर ठरतो. तुमच्याकडे तशी परिस्थिती नाही.

आता जळण्याबद्दल, कारण मेहुण्यांच्या काळजीत तथ्यही आहे. आवाजाची लाट व्होल्टेजच्या छताला टेकते तेव्हा तिचा माथा सपाट कापला जातो. त्या कापलेल्या कडांतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर जन्माला येतात. तुमचा टोचणारा 'स' त्यातूनच येतो. हे वरचे सूर जातात ट्वीटरकडे, म्हणजे खोक्यातल्या वरचे सूर वाजवणाऱ्या लहान स्पीकरकडे, ज्याची कॉइल अतिशय बारीक तारेची असते. ६० वॅटच्या स्पीकरमधला ट्वीटर सलग काही थोडेच वॅट सोसतो, कारण साध्या गाण्यात वरच्या पट्टीत ताकद फारच कमी असते. 'लहान ॲम्पने स्पीकर जळतो' असं म्हणतात ते यावरून. पण ८ वॅटचा ॲम्प पूर्ण फाटला तरी त्यातून दुपटीपेक्षा जास्त, म्हणजे १६ वॅटच्या वर काही निघत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत धोका लहान आहे. ४०-५० वॅटचा ॲम्प तासन्‌तास फाटक्या आवाजात वाजवला की ट्वीटर जातात. मोठा ॲम्प स्वच्छ वाजत असेल, तर १०० वॅटचा असूनही ६० च्या स्पीकरला सुखाने चालवतो, कारण कॉइल तापते ती सरासरी ताकदीवर. मोठ्या ॲम्पचा धोका अपघाताचा असतो: चालू असताना पिन उपटली, माईकची शिट्टी वाजली, की क्षणात पूर्ण ताकद आत जाते.

म्हणून तुमचा बेसचा नॉब मला ॲम्पच्या वॅटपेक्षा जास्त खटकतो. असे नॉब टोकाला नेले की बेस साधारण १० डेसिबल वाढतो. १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. तुमच्या ८ वॅटमधले जवळजवळ सगळे बेसच खातोय, आणि गाण्याच्या वाट्याला फाटणं येतंय. तो नॉब मध्यावर आणा. फोनमधलं इक्वलायझर बंद करा. एवढ्यानेच आवाज किती मोकळा होतो ते लगेच कळेल.

बेस मुळात कमी का वाटतो, याचं कारण बऱ्याचदा वायरीत असतं. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलट लागली असेल, तर एकाचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. गाणारा दोन स्पीकरांच्या मधोमध उभा वाटत नसेल, आवाज कुठून येतोय ते कळत नसेल, तर हीच शंका घ्या. तपासायचं सोपं आहे. स्पीकर ॲम्पपासून सोडवा, १.५ व्होल्टच्या सेलची अधिक बाजू लाल टर्मिनलला आणि उणे बाजू काळ्याला क्षणभर टेकवा, आणि वूफरकडे, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या कोनाकडे बघा. कोन पुढे आला तर खुणा बरोबर आहेत. दोन्ही स्पीकर तपासा, मग वायरीची एकच बाजू दोन्हीकडे लालला जातेय याची खात्री करा. जाळी निघत नसेल तर दोन्ही स्पीकर समोरासमोर, चार बोटांवर ठेवून एकच गाणं मोनोमध्ये लावा आणि एका स्पीकरच्या वायरी उलट करून बघा. ज्या जोडणीत बेस भरदार येतो ती बरोबर. वायरी बदलताना दर वेळी ॲम्प बंद करायचा, हे सांगायला नको.

वायरीची जाडी हा वाद फार रंगवला जातो, पण हिशेब साधा आहे. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१२ ओहम. ५ मीटर लांब वायरीत जाऊन-येऊन १० मीटर तांबं, म्हणजे ०.१२ ओहम. ८ ओहमसमोर हे दीड टक्का. तुम्हाला एवढी पुरे. टर्मिनलमधून सुटलेलं वायरीचं एखादं बारीक केस शेजारच्या टर्मिनलला टेकत नाहीये ना, याकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. ॲम्प शॉर्ट होतात ते अशा केसांनी.

आता मांडणी. ॲम्पच्या मागे किंवा खाली व्होल्टेजची मर्यादा लिहिलेली असेल. '१२ ते २४' असं असेल तर २४ व्होल्ट, ५ ॲम्पिअरचा चांगला ॲडॉप्टर घ्या. पिनच्या आतला भाग अधिक आणि बाहेरचा उणे आहे ना, ते दोन्हींवरच्या खुणेवरून जुळवा. मर्यादा २४ च्या खाली असेल तर तिच्यापुढे जाऊ नका.

नॉबबद्दल तुम्ही विचारलंत. नॉब किती फिरला यावरून वॅट कळत नाहीत. फोनमधून बाहेर येणारं व्होल्टेज बहुधा एका व्होल्टच्या आत असतं, सीडी प्लेअरमधून २ व्होल्टच्या आसपास. त्यामुळे सीडीवर तोच ॲम्प निम्म्या नॉबवरच पूर्ण ताकदीला पोचू शकतो. तुमच्या ॲम्पची मर्यादा तुमच्या नॉबवर कुठे आहे, ती एकदा शोधून खूण करून ठेवायची. मल्टिमीटर असेल तर असं करा: स्पीकर सोडवा, फोनचा आवाज नेहमी ठेवता तितका ठेवा, ५० हर्ट्‌झचा, ० डेसिबलवर, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या कमाल पातळीवर, मुद्रित केलेला सलग सूर वाजवा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून एका बाजूच्या लाल-काळ्या टर्मिनलला लावा, आणि नॉब शून्यापासून हळूहळू वाढवा. किती व्होल्टवर थांबायचं? वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ८ वॅट आणि ८ ओहमला ८ व्होल्ट. २४ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर ३० वॅट धरले तर साडेपंधरा. तिथे नॉबवर रंगाचा बारीक ठिपका द्या. गाणी ऐकताना नॉब त्या ठिपक्याच्या अलीकडे राहिला की फाटायचा प्रश्न नाही. (व्हॉल्व्हचा ॲम्प असलेल्या वाचकांनी हे करू नये. तो स्पीकर किंवा तेवढ्याच ओहमचा भार न लावता चालवला तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. त्याच्या मागे ४, ८, १६ असे वेगळे टर्मिनल असतात, तिथे आकड्याला आकडा जुळवायचा.)

मीटर नसेल तर कान पुरेसे आहेत. ओळखीचं गाणं घ्या, ज्यात एकटा गळा आणि सोबत ठेका आहे. नॉब वाढवत जा. ठोक्यासरशी गळ्याला खरखरीत कड येते ती जागा नीट ऐका, तिथून दोन रेघा मागे या आणि खूण करा. कानाच्या काळजीसाठी एक आकडा लक्षात ठेवा: अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी दिवसाला ८ तास ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलवर एकच तास उरतो.

वडिलांच्या स्पीकरांचं शेवटी ठेवलं, कारण त्यांना वेळ द्यायला हवा. आधी कोनाच्या कडेची गोल पट्टी बघा. ती फोमची असेल तर इतक्या वर्षांत बोट लावताच भुगा होत असेल. तसं असेल तर वाजवू नका. ती पट्टी बदलता येते आणि कोन-कॉइल चांगली असेल तर स्पीकर पुन्हा उभे राहतात. पट्टी रबराची किंवा कापडाची असेल तर बहुधा शाबूत असेल. मग चार बोटं कोनावर सारख्या अंतरावर ठेवून अगदी हलक्या हाताने आत दाबा आणि कान जवळ न्या. काही न घासता कोन आत जाऊन परत आला तर उत्तम. बारीक 'खर्र' ऐकू आलं तर कॉइल चुंबकाला घासतेय, आणि ते ॲम्प बदलून सुधारत नाही.

मग ओहम. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा लक्षात ठेवा, बहुतेक अर्ध्या ओहमच्या आत असेल. मग सोडवलेल्या स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा आणि तो आकडा वजा करा. मीटरवर दिसणारा रोध लेबलच्या ओहमपेक्षा थोडा कमीच असतो. ३ ते ३.६ आला तर स्पीकर ४ ओहमचा, ४ ते ५ आला तर ६ चा, साडेपाच ते ७ आला तर ८ चा.

चारही एकदम वाजवायचा हट्ट सोडा. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडले तर १२ ओहम होऊन ॲम्प सुरक्षित राहील हे खरं, पण दोन वेगळ्या जातीचे स्पीकर सिरीजमध्ये लावले की प्रत्येक सुरावर व्होल्टेजची वाटणी बदलते आणि दोघांचाही आवाज बिघडतो. त्यापेक्षा जोडी बदलून ऐका. त्यासाठी सिलेक्टर स्विच घ्यायचा तर एका वेळी एकच जोडी लागेल असा, आणि लाल-काळ्या दोन्ही वायरी वेगळ्या तोडणारा. काही सिलेक्टरमध्ये डाव्या-उजव्या बाजूच्या काळ्या वायरी आत एकत्र जोडलेल्या असतात. तुमच्या ॲम्पमध्ये काळ्या टर्मिनलवरही व्होल्टेज असतं, त्यामुळे तसल्या सिलेक्टरने तो शॉर्ट होईल. दोन जोड्या दोन खोल्यांत हव्या असतील तर दुसऱ्या जोडीला दुसरा लहान ॲम्प हेच योग्य. ४ ओहमच्या स्पीकरला तुमच्या सध्याच्या १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवरही जवळजवळ दुप्पट, १६ वॅटच्या आसपास ताकद मिळेल, आणि जुन्या स्पीकरांवर हळू आवाजात गाणी ऐकायला ती भरपूर झाली.

मीटरवर वडिलांच्या दोन्ही स्पीकरांचे आकडे काय येतात ते कळवा. दोन्हींत अर्ध्या ओहमपेक्षा जास्त फरक असेल, किंवा एखाद्यावर आकडाच येत नसेल, तर वाजवायच्या आधी लिहा. आत कुठे वायर तुटलीय की कॉइल गेलीय, हे कसं शोधायचं ते त्याप्रमाणे सांगता येईल.